रडू नका, नुसतं वाचा

मावशीनं गेल्या महिन्यात एक पुस्तक अर्ध्यात सोडलं.

यात काय लिहिण्यासारखं, असं वाटेल तुम्हाला. पण आमच्या मावशीला जे ओळखतात (आणि इथले निम्मे वाचक नातेवाईकच आहेत, तेव्हा ओळखतातच) त्यांना कळेल की ही बातमी आहे. हातात घेतलेलं पुस्तक ही बाई सोडत नाही. भिकार असलं तरी शेवटच्या पानापर्यंत जाते आणि मग लेखकाचा उद्धार करते. माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत ३१ वर्षं मुलांना वाचायला शिकवलेली बाई आहे ती.

गेली तीन वर्षं ती वाचत नाही, ऐकते. मॅक्युलर डीजनरेशन. डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग जातो आणि कडा राहतात. म्हणजे दारातून कुणी आत आलं की आलं हे तिला कळतं, पण ज्याच्याकडे बघावं त्याचाच चेहरा पुसलेला. अक्षरांचंही तेच. आजूबाजूची दिसतात, जे वाचायला जावं तेच दिसत नाही. भिंगं झाली, मोठ्या ठशाची पुस्तकं झाली, टॅबवर अक्षरं बोटभर करून झाली. शेवटी पुण्याला आमच्याकडे राहायला आल्यावर मी तिच्या फोनवर ऑडिओबुकांचं एक ॲप टाकून दिलं, वर्षाचे पैसे भरले आणि मोठं पुण्यकर्म केल्याच्या थाटात ऑफिसला निघून गेलो.

तर ते पुस्तक. नाव सांगत नाही, कारण पुस्तकाचं नाव सांगितलं की वाचणाऱ्याचं नाव दोन मिनिटांत सापडेल, आणि मला त्या माणसाशी भांडायचं नाहीये. त्याला तसं वाचायला सांगणाऱ्यांशी भांडायचंय. जुनी, गाजलेली कादंबरी. मावशीनं पूर्वी दोनदा वाचलेली. संध्याकाळी घरी आलो तर बाई फोन उपडा ठेवून खिडकीशी बसलेल्या.

"काय गं, संपलं?"

"नाही. बंद केलं."

"का?"

"तो रडतोय. मला रडू यायच्या आधीच तो रडतोय. मग मी काय करू तिथं बसून?"

रात्री मी तेवढा भाग ऐकला. घरातला कर्ता माणूस जातो, तो प्रसंग. आधी बासरी. बासरी आली की समजायचं, कुणीतरी मरणार. मग वाचणाऱ्याचा आवाज बसतो, मग कापतो, मग एक आवंढा, मग तीन सेकंद शांतता आणि मग हुंदका. मूळ पुस्तक कपाटातून काढून ते पान उघडलं. लेखकानं तिथं चार सरळ वाक्यं लिहिली आहेत. हुंदका नाहीच. रडण्याचं काम त्यानं आपल्यावर सोपवलंय. आता वाचकाच्या वाट्याचं काम वाचणाऱ्यानंच उरकून टाकलं तर ऐकणाऱ्यानं करायचं काय? टाळ्या वाजवायच्या?

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी जरा जोरात मांडणार आहे. ऑडिओबुक वाचणाऱ्यानं वाचावं. अभिनय करू नये. म्हाताऱ्याला थरथरता आवाज, बाईला किनरा आवाज, खलनायकाला घोगरा आवाज, पोराला बोबडे बोल, आणि प्रकरण संपलं की सतारीचा तुकडा... हे सगळं पुस्तक आणि ऐकणारा यांच्या मध्ये येऊन उभं राहणं आहे. नाटक बघताना पुढच्या रांगेतला उंच माणूस उभा राहिला तर आपण "बसा हो खाली" म्हणतो. इथं कुणी म्हणतच नाही.

आमचा दादा (मामेभाऊ, वाचत असणारच) म्हणतो, मुळात ऐकणं म्हणजे वाचणं नव्हेच, त्यामुळे हा वाद फिजूल आहे. दादा, तुझं वाचन दांडगं आहे, कबूल. पण आपल्याकडे पुस्तक म्हणजे एकानं एकट्यानं मुकाट्यानं वाचायची वस्तू कधीपासून झाली? छापखाने येऊन दीड-दोनशे वर्षं झाली असतील. त्याआधी शतकानुशतकं एकानं वाचायचं आणि पन्नासांनी ऐकायचं. चातुर्मासात पोथी लागायची. हरिविजय, पांडवप्रताप. लिहिणाऱ्या श्रीधरांनाही ठाऊक होतं की आपलं पुस्तक कानांनी वाचलं जाणार आहे. ज्या बायकांना अक्षरओळख नव्हती त्यांना अख्खं महाभारत तोंडपाठ होतं ते असंच. त्यांनी ते वाचलं नव्हतं, असं तू आजीसमोर म्हणाला असतास का?

आणि आजोबा पोथी कशी वाचायचे ते मावशीला विचार. समईजवळ बसून, एका सुरात. ओवीच्या चरणाला थांबायचं, पुढची ओवी. अवघड शब्द आला तर अर्थ सांगायचा. द्रौपदीच्या वस्त्रहरणाला आजोबांचा आवाज जसाच्या तसा, आणि मागं बसलेल्या बायका पदरानं डोळे पुसताहेत. ते दृश्य मावशी अजून सांगते. आजोबा रडले असते तर बायका रडल्या नसत्या, त्यांच्याकडे बघत बसल्या असत्या.

आता कुणीतरी म्हणणार, मग पु. लं.चं काय? मिरासदारांचं काय? येणारच हा प्रश्न, म्हणून आधीच उत्तर देतो. पु. लं.चे 'रावसाहेब' नि 'अंतू बर्वा' आमच्या घरातही कॅसेटची फीत झिजेपर्यंत ऐकले गेलेत. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार ही त्रयी गावोगाव कथाकथन करत फिरली, त्यातल्या एका कार्यक्रमाला आमची आई लहानपणी बैलगाडीतून गेली होती म्हणे. पण ते कथाकथन होतं! लेखक स्वतः, कथा स्वतःची, समोर माणसं बसलेली. हशा कुठं येतो, किती वेळ टिकतो, तो ओसरल्यावर पुढचा शब्द कधी टाकायचा, हे त्यांनी शेकडो प्रयोगांतून कमावलं होतं. ती सादरीकरणाची कला आहे आणि मी तिला हात जोडतो. तसंच आकाशवाणीच्या श्रुतिकांचं. 'प्रपंच'मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी घराघरांत शिरले, पण ते रेडिओसाठीच लिहिलेलं होतं आणि प्रत्येक पात्राला वेगळा नट होता.

चारशे पानांची कादंबरी यातलं काहीच नाही. ती एका माणसानं दुसऱ्या एका माणसासाठी लिहिलेली असते. स्टुडिओत कानाला हेडफोन लावून बसलेल्या वाचकासमोर हशा पिकवणारं थिएटर नसतं, तरी तो थिएटरला दाखवत असतो. माझा असा संशय आहे की आपले सगळे वाचणारे त्याच कॅसेटी ऐकून मोठे झालेत, आणि मोठ्यानं वाचायचं म्हणजे पु. ल. व्हायचं अशी त्यांची समजूत आहे. होता येत नाही हो. आणि होऊ पण नका.

खरं उदाहरण हवं असेल तर पुणे केंद्रावरून सुधा नरवणे सकाळच्या बातम्या द्यायच्या ते आठवा. पूर, निवडणूक, कुणाचं निधन, बाजारभाव, सगळं त्याच स्वच्छ सुरात. त्यांनी कधी गहिवर आणला नाही, तरी आमच्या स्वयंपाकघरात कितीदा चहाचा कप हातातच राहिलाय.

आणि पुस्तकांकडे बघा ना. 'स्मृतिचित्रे' घ्या. लक्ष्मीबाई टिळकांनी काय काय भोगलं, आणि ते सांगताना बाई हसतात, हसवतात. सगळ्यात वाईट दिवसांचं वर्णन सगळ्यात गमतीदार. तिथं मागं करुण व्हायोलिन लावणाऱ्यानं पुस्तक वाचलेलंच नाही, असं मी छातीठोकपणे म्हणेन. 'कोसला'चं अजून अवघड. पांडुरंग सांगवीकरच्या 'वगैरे'त आणि 'उदाहरणार्थ'मध्ये किती काय दडलेलं आहे! ते 'वगैरे' सपाट म्हटलं तरच टोचतं. त्यात वाचणाऱ्यानं "बघा हं, उपरोध येतोय" असा हेल काढला की संपलं. 'श्यामची आई'चं मी जरा सबुरीनं बोलतो, कारण तिथं श्याम स्वतःच मधूनमधून गहिवरतो. मुळात ते सांगण्याचंच पुस्तक आहे. ४२ रात्री एक माणूस मित्रांना आपल्या आईबद्दल सांगतोय. त्याहून चांगलं ऑडिओबुक दुसरं कुठलं असणार? पण साने गुरुजींनी जेवढे अश्रू घातलेत तेवढे पुरे आहेत, वरून ओतायची गरज नाही.

मावशीची दुसरी तक्रार याहून कडू आहे. ती म्हणते, "या लोकांनी अख्ख्या महाराष्ट्राला एकच गावंढळ भाषा दिलीय." रं, गं, न्हाई, व्हय, असे पाच-सात शब्द आणि एक ठरावीक ठसका. कोकणातला खोत असो, खानदेशातला शेतकरी असो, वऱ्हाडातला असो नाहीतर माणदेशातला धनगर असो, सगळे त्याच सिनेमातल्या पाटलासारखे बोलतात. मावशीची हयात माणदेशात गेली. तिचे विद्यार्थी, त्यांचे आईबाप, शाळेसमोरून मेंढरं घेऊन जाणारी माणसं, त्यांचा प्रत्येकाचा आवाज तिच्या कानात आहे. डोळे गेल्यावर तर तेवढेच उरलेत. आणि आता फोनमधून कुणीतरी तिला तिच्याच माणसांची नक्कल करून दाखवतो. "हसायला येत नाही रे, लाज वाटते," म्हणाली.

बरं, हे टाळणं अवघड आहे का? मुळीच नाही. माडगूळकरांसारख्या लेखकानं बोलीतलं जे हवं ते अक्षरांत उतरवून ठेवलंय. लिहिलंय तसं वाचा. येत नसेल तो हेल काढू नका. पुणेरी तोंडातून प्रामाणिकपणे वाचलेली माणदेशी मावशीला चालते. पुणेरी तोंडातून काढलेला खोटा ठसका चालत नाही.

मध्ये मी एक प्रयोग केला. हल्ली मशीनचे आवाज निघालेत, मजकूर दिला की वाचून दाखवतात. माझा अंदाज होता की मावशी दोन मिनिटांत फोन फेकेल. तिनं पाऊण तास ऐकलं! म्हणाली, "त्या रडक्यापेक्षा हे बरं. याला कळतच नाही कुठं दुःख आहे, त्यामुळे ते माझं मला करता येतं." मी चाट पडलो. पण मशीनची खोड वेगळी. आपल्या च-ज-झ चे दोन-दोन उच्चार, लिपीत एकच खूण. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे 'तू जग', लिहायला सारखे, म्हणायला वेगळे. चंद्रातला च वेगळा, चांदण्यातला वेगळा. मराठी घरातलं तीन वर्षांचं पोर हे चुकत नाही. मशीन चुकलं, आणि चंद्रातलाच च घेऊन चांदणं म्हणायला लागलं, तेव्हा मावशीनं शाळेत लाल शाईनं मारायची तशी हवेतच एक फुली मारली. (स्टुडिओतली काही माणसंही हे चुकतात, म्हणजे चुका दाखवायला तिथं कुणी बसलेलंच नसतं.)

ॲपवाल्यांना मी सविस्तर पत्र लिहिलं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर आलं आणि खाली पाच चांदण्यांतून निवडायला सांगितलं. घरात बोललो तर त्याहून वाईट. "अरे, मिळतंय ते काय कमी आहे? पूर्वी एवढंही नव्हतं. आहे ते गोड मानून घ्यावं." या वाक्याचा मला खरा राग आहे. आपण डोळसांनी एखादं पुस्तक ऐकून पाहिलं, नाही आवडलं, तर छापील उचलतो. आपल्यासाठी तो आवडीनिवडीचा प्रश्न आहे. माझा भाचा तर सगळं दुप्पट वेगानं ऐकतो. (दुप्पट वेगात तो हुंदका उचकीसारखा लागतो, तेवढीच करमणूक.) मावशीला दुसरं दार नाही. तिच्यासाठी ते पुस्तक म्हणजे तो आवाजच. तो आवाज फसला की ती कादंबरीच तिच्यासाठी गेली.

आणि ही बोलकी पुस्तकं कुणासाठी सुरू झाली, हे आपण विसरूनच गेलो. ब्रिटनमध्ये १९३५ साली अंधांसाठी पहिली बोलकी पुस्तकं तबकड्यांवर निघाली, त्यात अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती आणि जोसेफ कॉनरॅडचं 'टायफून'. पहिल्या महायुद्धात डोळे गमावून परतलेल्या शिपायांना सगळ्यांनाच ब्रेल जमत नव्हतं, त्यांची गरज त्यामागं होती. आपल्याकडे मुंबईच्या नॅबसारख्या संस्थांसाठी कितीतरी स्वयंसेवक गाजावाजा न करता वाचत आले आहेत. गाडी चालवताना नि ट्रेडमिलवर ऐकणारे आपण फार मागून आलो, आणि आल्या आल्या आपल्याला 'अनुभव' हवा, 'माहोल' हवा म्हणून बासऱ्या लावून घेतल्या. मूळ मालक बसलेत खिडकीशी.

निदान एवढं तरी करता येईल की नाही, की संगीत बंद करायला एक बटण द्या. पुस्तक संक्षिप्त असेल, मशीननं वाचलेलं असेल, तर तसं आधी सांगा, आणि हे सांगणं तोंडी असू द्या, बारीक अक्षरांत नको. नमुना म्हणून पहिली पाच मिनिटं ऐकवता त्यात रडारड कशी कळणार? ती अठराव्या प्रकरणात असते. एखादं मधलं पानही ऐकवा.

सगळेच वाईट वाचतात असं नाही. एका बाईंनी वाचलेलं एक प्रवासवर्णन मावशीनं लागोपाठ दोनदा ऐकलं. मी विचारलं, कसं वाचतात? म्हणाली, "आठवत नाही. पुस्तक आठवतं."

असो. बोलणं सोपं असतं हे मला गेल्या तीन आठवड्यांत कळलंय, कारण शेवटी मीच तिच्यासाठी 'बनगरवाडी' वाचून रेकॉर्ड करायला बसलो. (कायद्याचा प्रश्न काढणाऱ्यांसाठी: छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांना पुस्तक ऐकण्याजोगं करून देता यावं म्हणून २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झालेली आहे, आणि त्याच कामासाठीच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये जगात सगळ्यात आधी मान्यता भारतानं दिली. ही एक गोष्ट आपण चांगली केली.) पंखा बंद, खिडक्या बंद, कपड्यांच्या कपाटात डोकं घालून पहिलं प्रकरण वाचलं. मोठ्या खुशीत तिला ऐकवलं. पाच मिनिटांनी म्हणाली, "अरे, तू कुणाला दाखवतोयस?"

मीसुद्धा! एवढं सगळं रागानं बोलणारा मी, कारभाऱ्याच्या तोंडचं वाक्य आलं आणि घसा खाकरून म्हातारा झालो होतो. मला कळलंही नाही. माईक समोर आला की आपल्यातला गॅदरिंगमधला पोरगा जागा होतो. त्या स्टुडिओतल्या माणसाबद्दल तेव्हा थोडी दया वाटली. थोडीच.

मग तिनं माझी शाळा घेतली. प्रकट वाचनाची. पुढचं वाक्य डोळ्यांनी बघ, मग हातातलं तोंडानं म्हण. स्वल्पविरामाला श्वास घेऊ नकोस, अर्थ जिथं टेकतो तिथं घे. कोण बोलतंय हे लेखकानं सांगितलंय, तू परत सांगू नकोस. विशेषणावर जोर देऊ नकोस, ते बिचारं आधीच जोरात असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई करू नकोस, मी कुठं जाणार नाहीये. तासाला जेमतेम वीस पानं होतात. त्यात शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, दूधवाल्याची बेल. एकदा मांजर. तिला कुकर चालतो म्हणे. बासरी चालत नाही.

परवा शेवटचं प्रकरण झालं. दुष्काळ पडतो आणि वाडी उठते, ते. माडगूळकरांनी ते किती साधं ठेवलंय हे मला तोंडानं वाचेपर्यंत समजलं नव्हतं, आणि साधं वाचायला मला पाच वेळा पुसून रेकॉर्ड करावं लागलं. मावशीनं रात्री दिवा मालवून ऐकलं (दिव्याचा तिला काय उपयोग, पण तिची सवय). मी दारात उभा होतो. संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "एकदा परत लाव. तिथून, माणसं निघतात तिथून."

ता. क. आता तिला 'तुंबाडचे खोत' हवंय. दोन खंड आहेत! माझा घसा आणि माझं कोकण दोन्ही तेवढं पुरणार नाही. खेड-दापोलीकडचं कुणी वाचतं का इथं? आवाज कसाही चालेल. मे महिन्यात आम्ही दोघं चिपळूणला आहोतच, समोर बसून वाचणार असाल तर उत्तम, आंबे आमच्याकडून. नाट्यस्पर्धेत बक्षीस मिळालेल्यांनी कृपया कळवू नये. आणि दादा, तू छापील प्रत घेऊन ये.